क्लस्टरवर जॉबसाठी नोड, कोर, मेमरी कशी मागायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लस्टर म्हणजे एकत्र जोडलेली बरीच मशीन, त्यातलं एकेक मशीन म्हणजे नोड, आणि कोणाचा जॉब (चालवायला टाकलेलं काम) कधी आणि कुठल्या नोडवर चालेल ते ठरवणारं सॉफ्टवेअर म्हणजे शेड्यूलर. हे पान स्लर्म नावाचा शेड्यूलर असलेल्या क्लस्टरसाठी आहे, म्हणजे पुण्यात आयसरच्या परम ब्रह्मसारखं मशीन असो की तुमच्या डिपार्टमेंटच्या तळमजल्यावरचं आठ-दहा नोडचं कपाट, मागण्याची पद्धत तीच. कमांड आणि ऑप्शन उच्चाराप्रमाणे लिहिलेत, टर्मिनलवर ते अर्थातच इंग्रजी स्पेलिंगने टाकायचे. पार्टिशनची (नोडच्या गटांची) नावं आणि लिमिट प्रत्येक ठिकाणी वेगळी असतात, ती एस-इन्फो चालवून बघून घ्या.

लॉगिन तर झालं, मग प्रोग्रॅम तिथेच का नाही चालवायचा?

कारण तुम्ही बसलायत ते लॉगिन नोडवर, आणि तिथे तुमच्यासोबत अजून तीस-चाळीस जण फाइल एडिट करतायत, कोड कंपाइल करतायत. तिथे ३२ थ्रेडचं सिम्युलेशन सोडलं की सगळ्यांचं टर्मिनल अडकतं आणि ॲडमिन प्रोसेस मारून टाकतो, बऱ्याच ठिकाणी तर स्क्रिप्टच मारते, माणसाला विचारतही नाही. खरं काम कंप्यूट नोडवर, आणि तिथे जायचा रस्ता शेड्यूलरमधूनच.

स्क्रिप्टमध्ये कमीत कमी काय काय लिहावं लागतं?

पाच गोष्टी: कुठलं पार्टिशन, किती नोड, किती टास्क किंवा कोर, किती मेमरी, किती वेळ. काही सेंटरला अकाउंटचं नाव पण लागतं, म्हणजे प्रोजेक्टच्या कोट्यातून तास वजा होतात.

या सगळ्या ओळी हॅश लावून एसबॅच शब्दाने सुरू होतात आणि त्या फाइलच्या वरच्या भागातच हव्यात. पहिली खरी कमांड आली, मग ती साधी मॉड्यूल लोड असली तरी, की त्याखालच्या हॅश-एसबॅच ओळी स्लर्म वाचत नाही आणि काही बोलत पण नाही, जॉब गुपचूप डिफॉल्टवर जातो आणि तुम्ही विचार करत बसता की ४८ कोर मागूनही हे एवढं स्लो का. अजून एक, या ओळींमध्ये शेलचे व्हेरिएबल चालत नाहीत. बदलती व्हॅल्यू द्यायची असेल तर एसबॅच कमांडने स्क्रिप्ट सबमिट करताना कमांड लाइनवर द्या, स्क्रिप्टमध्ये काही वेगळं लिहिलेलं असलं तरी कमांड लाइनवरचंच धरलं जातं.

नोड्स, एन-टास्क्स, सीपीयूज-पर-टास्क... यात फरक काय?

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. नोड म्हणजे एक अख्खं मशीन. टास्क म्हणजे एक प्रोसेस, एमपीआयच्या (वेगवेगळ्या प्रोसेसनी एकमेकींशी बोलायची पद्धत) भाषेत एक रँक. आणि सीपीयूज-पर-टास्क म्हणजे त्या एका प्रोसेसला किती कोर द्यायचे, तिचे थ्रेड पसरायला.

आता परम ब्रह्मसारखा ४८ कोरचा नोड धरा. नुसत्या एमपीआयचा प्रोग्रॅम असेल तर ४८ टास्क आणि प्रत्येकी १ कोर. नुसत्या ओपनएमपीचा, म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये बरेच थ्रेड चालवणारा असेल तर १ टास्क आणि ४८ कोर. ग्रोमॅक्ससारखं (रेणूंच्या सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर) दोन्ही मिसळून चालणारं असेल तर समजा ८ टास्क, प्रत्येकी ६ कोर. तिन्हीचा गुणाकार ४८च येतो, शेड्यूलरला काही फरक पडत नाही, पण तुमच्या प्रोग्रॅमला फार पडतो. ओपनएमपीच्या कोडला ४८ टास्क मागून तो एस-रनने (स्क्रिप्टच्या आत टास्क सुरू करणारी कमांड) चालवला तर एकच गणित ४८ वेळा वेगवेगळं चालतं आणि सगळे मिळून एकाच आउटपुट फाइलवर लिहितात. हा प्रकार दर सेमिस्टरला कोणीतरी नवीन येऊन करतंच.

फक्त एन-टास्क्स ४८ लिहिलं आणि नोड किती ते लिहिलंच नाही, तर स्लर्मला ते जिथे रिकामे दिसतील तिथून उचलायची मुभा आहे, दहा कोर या नोडवर, बारा त्या नोडवर असं. एमपीआय चालेल, पण नेटवर्कवरून बोलण्यात वेळ जाईल. सगळं एकाच छपराखाली हवं असेल तर नोड्स १ पण लिहा.

थ्रेडवाल्यांनी ओएमपी-नम-थ्रेड्स हे व्हेरिएबल स्क्रिप्टमध्ये सेट करायचं, व्हॅल्यू म्हणून स्लर्मने दिलेलंच सीपीयूज-पर-टास्कचं व्हेरिएबल घ्या, म्हणजे नंतर आकडा एकाच जागी बदलावा लागतो. आणि स्लर्म २२.०५ पासून एक बदल झालाय, एसबॅचमध्ये दिलेलं सीपीयूज-पर-टास्क आतल्या एस-रनला आपोआप मिळत नाही, ते एस-रनला परत सांगावं लागतं. जुनी स्क्रिप्ट अपग्रेडनंतर अचानक रडतखडत चालायला लागली असेल तर आधी हे बघा.

माझा साधा पायथन कोड आहे, दोन नोड मागितले तर दुप्पट फास्ट चालेल ना?

नाही. कोडला दुसऱ्या मशीनशी बोलता येत नसेल तर दुसरा नोड नुसता बसून राहतो, आणि तास मात्र दोन्हीचे कापले जातात. एमपीआय, डास्क, रे, टॉर्चचं डिस्ट्रिब्यूटेड ट्रेनिंग असं काहीतरी कोडमध्ये मुद्दाम लिहिलेलं असेल तरच एकापेक्षा जास्त नोडला अर्थ आहे.

मग कोर तरी किती मागू? जास्त मागितले तर बरंच ना?

याचं उत्तर १९६७ पासून ॲमडालच्या नियमात आहे. समजा तुमच्या प्रोग्रॅमचा ९५ टक्के भाग समांतर चालतो आणि ५ टक्के एका मागून एकच चालू शकतो. १६ कोरवर तो साधारण ९ पट फास्ट होईल, ३२ वर साडेबारा पट, ६४ वर फक्त साडेपंधरा, आणि अख्खं क्लस्टर दिलं तरी २० पटीच्या पुढे जाणार नाही. म्हणजे ३२ वरून ६४ वर जाताना खर्च दुप्पट आणि फायदा जेमतेम पाव. आणि हे नेटवर्क, डिस्क वगैरेची रडगाणी न धरता.

त्यामुळे करायचं काय, तर मोठा रन टाकण्याआधी तोच इनपुट छोटा करून, कमी टाइमस्टेप किंवा कमी इपॉक, ४, ८, १६, ३२ कोरवर चालवून वेळ लिहून ठेवायचा. जिथे कोर दुप्पट करून वेळ दीडपटीनेही कमी होत नाही तिथे थांबा. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि पुढचे सहा महिने उपयोगी पडतं. गाइडने सांगितलं म्हणून, किंवा सिनियरच्या स्क्रिप्टमध्ये होतं म्हणून ९६ कोर, हे कारण नव्हे. ती स्क्रिप्ट त्याने कुठल्या मशीनसाठी आणि कुठल्या सिस्टिमसाठी लिहिली होती ते बहुतेक वेळा त्यालाही आठवत नसतं.

मेमरीचा आकडा कुठून आणायचा?

मोजून. पहिल्यांदा अंदाजाने जरा सढळ हाताने मागा, जॉब संपला की एस-अकाउंटला (संपलेल्या जॉबचा हिशेब दाखवणारी कमांड, स्पेलिंग sacct) मॅक्स-आरएसएस कॉलम मागा, म्हणजे टास्कने जास्तीत जास्त किती मेमरी वापरली ते. ही व्हॅल्यू जॉबच्या मुख्य ओळीत दिसत नाही, खालच्या बॅच किंवा स्टेपच्या ओळीत दिसते, ते न कळल्यामुळे बरेच जण म्हणतात की आमच्याकडे हा कॉलम रिकामाच येतो. एस-एफ नावाची छोटी युटिलिटी बसवलेली असेल तर ती थेट सांगते की मागितलेल्या मेमरीपैकी आणि सीपीयूपैकी किती टक्के वापरलं. जॉब चालू असतानाच बघायचं असेल तर एस-स्टॅट.

मिळालेल्या आकड्यावर १५-२० टक्के वाढवून मागा, तेवढं पुरतं. वाढवायचं यासाठी की स्लर्म मेमरी ठराविक अंतराने तपासतं, डिफॉल्ट ३० सेकंद, त्यामुळे मधेच दोन सेकंदांसाठी उडालेली उसळी रेकॉर्डमध्ये येईलच असं नाही.

तीन खड्डे लक्षात ठेवा. एक, युनिट न लिहिता मेम ६४ लिहिलं तर ते ६४ एमबी होतं, जीबी नाही, पुढे जी लावायचा. दोन, मेम हे दर नोडला असतं आणि मेम-पर-सीपीयू हे दर कोरला, दोन्ही एकत्र लिहायचे नाहीत. ४८ कोर मागून मेम-पर-सीपीयू ८ जीबी लिहिलं की झाले ३८४ जीबी, आणि १९२ जीबीच्या नोडवर ते बसणार कसे? तीन, नोडवर १९२ जीबी रॅम आहे असं वेबसाइटवर लिहिलेलं असलं तरी तेवढी पूर्ण मिळत नाही, थोडी ऑपरेटिंग सिस्टिमला राखलेली असते. बरोब्बर १९२ मागितले तर "हे कॉन्फिगरेशन उपलब्ध नाही" अशा अर्थाची एरर येते आणि माणूस म्हणतो पण वेबसाइटवर तर आहे. एस-कंट्रोल शो नोड करून रिअल-मेमरी बघा, तोच खरा आकडा. नोडची सगळीच्या सगळी हवी असेल तर मेम ० लिहायचं, शून्य म्हणजे सगळी.

जॉब मधेच मेला आणि एक्झिट कोड १३७ दिसतोय.

१३७ म्हणजे १२८ अधिक ९, प्रोसेसला सिग्नल ९ देऊन मारलंय. क्लस्टरवर दहापैकी नऊ वेळा कारण मेमरी असतं. एस-अकाउंटमध्ये स्टेट आऊट-ऑफ-मेमरी आलं तर शंकाच नको. पण लगेच मेमरी दुप्पट करायच्या आधी बघा की कोड सगळा डेटा एकदम लोड करतोय का, डेटालोडरचे वर्कर (डेटा वाचून देणाऱ्या प्रोसेस) उगाच जास्त आहेत का, कारण काही ठिकाणी प्रत्येक वर्कर डेटाची स्वतःची कॉपी धरून बसतो.

वेळ किती लिहू? जास्तीत जास्त चालते ती लिहून टाकतो, रिस्क नको.

सगळे हेच करतात आणि मग क्यू हलत नाही म्हणून ओरडतात. शेड्यूलर काय करतो ते समजून घ्या. समजा सगळ्यात वरच्या जॉबला २० नोड हवेत, आत्ता १७ रिकामे आहेत, उरलेले ३ सहा तासांनी मोकळे होणार. आता हे १७ नोड सहा तास नुसते तापत ठेवायचे का? तर नाही. स्लर्म खालच्या क्यूमध्ये शोधतो की सहा तासांच्या आत संपणारा कोणी आहे का, असेल तर त्याला आत घेतो, कारण त्याने वरच्या जॉबला उशीर होत नाही. याला बॅकफिल म्हणतात. आता तुमचा जॉब खरा चार तासांचा, पण तुम्ही लिहिले तीन दिवस. स्लर्मला तुमच्या मनातलं कळत नाही, त्याला लिहिलेलंच दिसतं, तो तुम्हाला सोडून पुढे जातो. पाच तास लिहिले असते तर लगेच सुरू झाला असता.

छोट्या टेस्ट रनवरून मोजा, वर वीस-पंचवीस टक्के ठेवा, बास. वेळच लिहिली नाही तर पार्टिशनची डिफॉल्ट वेळ लागते, ती कुठे अर्धा तास असते तर कुठे पूर्ण कमाल मर्यादा, दोन्हीत तुमचंच नुकसान.

आणि लिहिताना फॉरमॅट बघा हो. नुसतं १० म्हणजे १० मिनिटं. १०:०० म्हणजे पण १० मिनिटंच, दहा तास नाही, कारण दोन आकडे असले की ते मिनिट आणि सेकंद. दहा तास हवे तर १०:००:००. दोन दिवस हवे तर २-०, डॅशच्या आधी दिवस आणि नंतर तास.

जॉब चालू आहे, वेळ संपत आली, वाढवता येईल का?

तुम्हाला नाही, चालू जॉबची वेळ तुम्ही फक्त कमी करू शकता, वाढवायची पॉवर ॲडमिनकडे. विनंती करून बघा, पण रविवारी रात्री साडेअकराला कोणी मेल वाचत नाही. वेळ संपली की आधी टर्म सिग्नल जातो आणि डिफॉल्ट सेटिंगला ३० सेकंदांनी किल. त्या ३० सेकंदांत मोठी फाइल सेव्ह होत नाही. म्हणून चेकपॉइंट ठेवा, म्हणजे रनची स्थिती मधेमधे सेव्ह करत राहा. ग्रोमॅक्स, लॅम्प्स, वास्प, डब्ल्यूआरएफ सगळ्यांना अर्धवट रन पुढे चालू करायची सोय आहे, ती वापरा. स्वतःचा कोड असेल तर सिग्नल ऑप्शनने संपायच्या पाच मिनिटं आधी इशारा मागवता येतो आणि तो पकडून सेव्ह करता येतं.

जॉब पेंडिंग आहे. काय बिघडलंय?

बहुतेक वेळा काहीच नाही. एस-क्यूच्या शेवटच्या कॉलममध्ये कारण लिहिलेलं असतं, ते वाचायची सवय लावा. प्रायॉरिटी म्हणजे तुमच्या पुढे अजून लोक आहेत. रिसोर्सेस म्हणजे तुमचा नंबर जवळ आलाय, फक्त मागितलंत तेवढं मोकळं होत नाहीये. या दोन्हीत थांबणे हाच उपाय, किंवा मागणी कमी करणे. क्यूओएस किंवा असोक ने सुरू होणारं काहीतरी लांबलचक नाव दिसलं तर तुमची किंवा तुमच्या ग्रुपची मर्यादा भरलीय, लॅबमधल्याच कोणीतरी सगळे कोर धरून ठेवलेत, चहाला गाठून विचारा. पार्टिशन-टाइम-लिमिट आलं तर तुम्ही पार्टिशनच्या मर्यादेपेक्षा जास्त वेळ मागितलीय, हा बसून राहील आणि कधीच सुरू होणार नाही, रद्द करून नीट टाका. डिपेन्डन्सी-नेव्हर-सॅटिस्फाइड चं पण तेच, आधीचा जॉब फेल झालाय.

रेक-नोड-नॉट-अव्हेल हे वेगळं प्रकरण. काही वेळा नोड खरोखर बंद असतो, पण पुष्कळदा मेंटेनन्स जाहीर झालेला असतो आणि तुम्ही लिहिलेली वेळ त्या तारखेच्या पलीकडे जाते. रविवारच्या मेगाब्लॉकसारखं आहे, ब्लॉक सुरू व्हायच्या आत पोचणारी गाडी सोडतात, बाकीच्या ब्लॉक संपल्यावर. जॉब खरंच लवकर संपणारा असेल तर वेळ कमी करा, लगेच सुटू शकतो.

एस-क्यूला स्टार्ट ऑप्शन दिला की अंदाजे सुरू व्हायची वेळ दाखवतो. तो आकडा लोकांनी लिहिलेल्या फुगवलेल्या वेळांवरच काढलेला असतो, त्यामुळे जॉब बऱ्याचदा त्याच्या आधीच लागतो.

माझ्यानंतर टाकलेला जॉब माझ्या आधी कसा सुरू झाला? वशिला आहे का?

वशिला नाही. एक तर वर सांगितलेलं बॅकफिल, दुसरं फेअरशेअर. तुमच्या ग्रुपने गेल्या काही दिवसांत भरपूर वापर केला असेल तर तुमची प्रायॉरिटी खाली जाते, ज्यांनी वापरलं नाही त्यांची वर. जुना वापर हळूहळू विसरला जातो, डिफॉल्ट सेटिंगला दर ७ दिवसांनी त्याचं वजन निम्मं. एस-शेअर चालवून स्वतःचं बघा. आणि हो, यात मागितलेलं मोजलं जातं, वापरलेलं नाही, म्हणजे ४८ कोर धरून एकच चालवलात तरी ४८ चाच हिशेब.

पूर्ण नोड एक्सक्लुझिव्ह मागावा का?

बेंचमार्किंग करत असाल किंवा खरंच सगळे कोर भरत असाल तर मागा. चार कोरच्या कामासाठी मागू नका. एक गंमत, एक्सक्लुझिव्ह लिहिल्याने सगळे कोर मिळतात पण मेमरी तुम्ही लिहिली तेवढीच, सगळी हवी असेल तर वरचं मेम ० सोबत लागतं.

जीपीयू?

जीआरईएस या ऑप्शनने मागितलेला आकडा दर नोडला असतो. दोन नोड आणि जीआरईएस मध्ये २ जीपीयू लिहिलं तर एकूण ४ झाले. जीपीयूज हा वेगळा ऑप्शन आहे, तो पूर्ण जॉबचा एकूण आकडा धरतो.

सोबत सीपीयू पण मागा, नाहीतर डेटा भरवणारा एकच कोर आणि महागडा जीपीयू वाट बघत बसलेला असं होतं. प्रमाण काढायला नोडची रचना बघा. सीडॅक पुण्याच्या परम सिद्धी-एआयमध्ये एनव्हिडियाचे डीजीएक्स ए१०० आहेत, तसल्या एका नोडमध्ये ८ जीपीयू आणि १२८ कोर, म्हणजे एका जीपीयूमागे १६ कोर हा तुमचा वाटा. एक जीपीयू मागून १०० कोर घेतलेत तर उरलेल्या सात जीपीयूंना मिळून २८च कोर राहतात. चार जीपीयू मागण्याआधी एकदा एनव्हिडिया-एसएमआयने बघा की तुमचा कोड खरंच चारही वापरतोय का, साधा टॉर्चचा कोड स्वतःहून एकच वापरतो.

तोच प्रोग्रॅम ५०० इनपुटवर चालवायचाय, लूपमध्ये ५०० वेळा एसबॅच करू?

अजिबात नको, ॲरे जॉब वापरा. ॲरे १-५००%२० लिहिलं की पाचशे होतील पण एका वेळी वीसच चालतील. प्रत्येकाला स्वतःचा नंबर व्हेरिएबलमध्ये मिळतो, त्यावरून इनपुट फाइल निवडायची. मागितलेले कोर आणि मेमरी ही एकेका तुकड्याची असते, पाचशेची मिळून नाही, हे विसरू नका. डिफॉल्टला नंबर १००० पर्यंतच जातो. आणि एकेक काम जर वीस सेकंदांचं असेल तर पन्नास-पन्नास एका जॉबमध्ये बांधा, नाहीतर कामापेक्षा शेड्यूलिंगलाच जास्त वेळ जातो.

डिबगिंगसाठी थेट नोडवर बसायचंय.

एस-अलॉक ने मागा, किंवा एस-रनला पीटीवाय ऑप्शन आणि बॅश देऊन. डिबग पार्टिशन असेल तर तिथे, अर्धा-एक तास. काम झालं की एक्झिट करा, टर्मिनल उघडं टाकून जेवायला गेलात तर नोड तुमच्याच नावावर अडकून राहतो.

आमच्याकडे स्लर्मऐवजी पीबीएस शेड्यूलर आहे, हे चालेल का?

विचार सगळा तोच, शब्द वेगळे. एसबॅचऐवजी क्यूसब, एस-क्यूऐवजी क्यूस्टॅट, वेळेला वॉलटाइम. नोडची मागणी सिलेक्टच्या एका ओळीत करायची, किती तुकडे, प्रत्येकात एनसीपीयूज किती, एमपीआयप्रॉक्स किती, मेम किती. सिलेक्टमधला तुकडा म्हणजे अख्खा नोड असं मात्र नाही, जागा असेल तर दोन तुकडे एकाच नोडवर बसू शकतात, वेगवेगळ्या नोडवर हवे असतील तर प्लेसमध्ये स्कॅटर लिहा.

सगळं करून बघितलं, तरी होत नाहीये. ॲडमिनला काय लिहू?

जॉब आयडी, सबमिट केलेल्या स्क्रिप्टचा पूर्ण पाथ, एरर फाइलच्या शेवटच्या वीस-तीस ओळी टेक्स्टमध्ये, आणि आधी कधी हेच चालत होतं का, चाललं असेल तर तेव्हाचा जॉब आयडी. मोबाइलने काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो नको, त्यातून काही कॉपी करता येत नाही. जॉब अजून पेंडिंग असेल तर तो रद्द न करता मेल करा, रद्द केल्यावर थोड्या वेळाने एस-कंट्रोलला त्याची माहिती दिसेनाशी होते आणि मग अंदाज बांधत बसावं लागतं.